नजरेचा पन्हा

माझी आई भावजयीच्या लॅपटॉपवर मेंढरं राखते हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसले. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा हसू आलं नाही. तिसऱ्या खेपेला माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि ते दुखणं पुढं चांगले चार-पाच महिने टिकलं.

आधी कोण कुठं राहतं ते सांगते. मी सोलापुरात शुक्रवार पेठेत राहते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, दारावर पाटी, ब्लाऊज आणि पिको-फॉलची कामं. गळ्यात दिवसभर टेप. मंगळसूत्र एखाद्या दिवशी राहील, टेप राहत नाही. दोन गल्ल्या सोडून माझ्या धाकट्या भावाचं घर. आई त्याच्याकडं असते. आमचं मूळ गाव सांगोल्याकडचं, घरात मेंढरं होती. बा गेल्यावर मेंढरं विकली, आई शहरात आली आणि रीतीप्रमाणं लेकाकडं राहिली. त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. म्हणजे होतं, पण बोलून दाखवलं नव्हतं.

भावजय अकलूजची, शिकलेली. घरात बसून मुलांचे गणिताचे ऑनलाइन क्लास घेते. बोलायला गोड, कधी रागवत नाही. मी कितीही तिखट बोलले तरी म्हणते, "बरोबर आहे वन्सं तुमचं." आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं, सांगा!

तर झालं असं की दोन क्लासच्या मधे विरंगुळा म्हणून ही बया इंटरनेटवर खेळांची एक साइट उघडायची. तिथं शेकडो खेळ, काही डाऊनलोड करायची गरज नाही, दाबलं की सुरू. त्यात एक मेंढरांचा होता. हिरवं रान, पांढरी मेंढरं, एक काळं कुत्रं. माऊस हलवला की कुत्रं पळतं, आणि कुत्रं पळवून मेंढरं कुंपणात घालायची. आईनं ते मागून बघितलं आणि म्हणाली, "आगं, कुत्रं म्होरनं काय नेतीस? मेंढरं बुजतील की. मागनं आन त्येला!" झालं. त्या दिवसापासून माऊस आईच्या हातात गेला. कुंपणाला ती वाघूर म्हणायची. वाघूर म्हणजे गावाकडं रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी. खेळताना तोंडानं हुर्र हुर्र चालायचं. तीस वर्षांपूर्वीची आई परत आली होती, पण ती आली होती भावजयीच्या टेबलावर.

मी दुपारी गेले की दोघी तिथंच. आई मधे, भावजय तिच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून. मला जागा उरायची ती डावीकडच्या दिवाणावर. तिथं बसून मी बोलत राहायची. गिऱ्हाईक काय म्हणालं, लेकीचा पुण्याहून फोन आला का, भाजी काय केली. आई 'हूं हूं' करायची, पण तोंड सतत त्या बाजूला. खेळ बंद असला तरी तेच. मान जरा तिरकी करून सुनेकडं बघत बसायची. मी उठून निघाले तरी एकदा वळून बघायची नाही. मी दारात चप्पल घालताना मुद्दाम वेळ लावायची. तरी नाही.

मला अजून एक गोष्ट खुपायची. त्या साइटवर खेळाच्या खाली चार चौकोन होते, खेळ केवढा हवा ते निवडायला. लहान, मध्यम, मोठा आणि पूर्ण स्क्रीन. आईचा खेळ कायम लहानावर. पोस्टकार्डाएवढं रान आणि त्यात तिळाएवढी मेंढरं! उरलेल्या जागेत कसल्याकसल्या जाहिराती, आणि एका कडेला हिच्या क्लासचे कागद उघडे.

"एवढं ल्हान का केलंयस? म्हातारीला दिसतंय तरी का?" मी एकदा विचारलं.

"आईंनाच लहान आवडतं, वन्सं."

"आवडतं म्हणं! तुला तुझं काम उघडं ठेवायचंय, म्हणून तिला कोपऱ्यातली चिंधी देतीस."

"बरोबर आहे वन्सं तुमचं," ती म्हणाली आणि तिनं मोठा दाबला.

आई लगेच ओरडली. "आगं काय केलंस? माजी मेंढरं कुटं गेली? कर की पयल्यासारकं!" भावजयीनं परत लहान केलं आणि माझ्याकडं बघून ओशाळं हसली. ते हसू मी घरापर्यंत घेऊन आले. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजची बाही उलटी जोडली.

घरी मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "नणंद भावजयीवर जळती ते ऐकलंय. पण मेंढरांवरनं जळणारी तू पहिलीच." त्यांना काय, त्यांची आई त्यांच्याकडं बघते.

खरं सांगायचं तर हे माझं आजचं नाही. लहानपणी मी भावाची आणि माझी भाकरी शेजारी ठेवून बघायची, कुणाची मोठी आहे ते. दूध वाटीत बोट बुडवून मोजायची. आई वैतागून म्हणायची, "कार्टीला टेप घिऊनच जल्माला घातलीया." पुढं तोच धंदा मिळाला, हा भाग वेगळा. आणि मेंढरं घेऊन निघालो की आई भावाला आपल्याजवळ ठेवायची, मोकळ्या अंगाला. मला पाठवायची पार त्या बाजूला, बाभळीच्या झाडीच्या अंगाला. तिथं काटे आणि सरडे, आणि बोलायला कुणी नाही. मधे सगळं खांड, साठ-सत्तर मेंढरं, आणि त्यांच्या पाठींवरून मला दिसायचं, भाऊ आईचा पदर धरून चाललाय. मी नऊ वर्षांची असेन. ते चित्र माझ्या डोळ्यापुढनं आजतागायत गेलेलं नाही.

म्हणून मी ठरवलं की आईला माझ्याकडं आणायचं. माझ्याकडं लेकीचा जुना कम्प्युटर पडून होता, फक्त त्याचा मॉनिटर गेला होता. नवा घ्यायचा आणि असा घ्यायचा की भावजयीचा लॅपटॉप त्यापुढं पाटीसारखा दिसला पाहिजे. एका दुपारी भावजय पाणी आणायला आत गेली तेव्हा मी तिचा लॅपटॉप टेपनं मोजून घेतला. आडवा साडेतेरा इंच. आई बघत होती की नव्हती, कळलं नाही, तिचं तोंड पलीकडं होतं. पाणी नको म्हटलं तर भावजयीनं सरबत काढलं. फ्रिजच्या दारात एक बारकी बाटली दिसली. "हे काय गं?" तर म्हणाली, "असू द्या वन्सं, थंडच ठेवावं लागतं ते." मला वाटलं, हिचं गोरं व्हायचं काहीतरी.

दुकानात गेले. दुकानदार तेलुगू घरातला, वयस्कर, गल्ल्यावर चष्मा पुसत बसलेला. त्यानं चोवीस इंची दाखवला. मी गळ्यातला टेप काढला आणि आडवा लावला. एकवीसलासुद्धा जरा कमीच!

"मालक, तीन इंच कुटं गेलं?"

"अक्का, चोवीसच आहे तो."

"मला शिकवू नका. पंचवीस वर्षं कापड मोजतीय मी. पन्ह्याला, म्हणजे रुंदीला, एकवीस भरतंय. तीन इंच मारताय तुम्ही सरळ सरळ."

त्यानं शांतपणे माझ्या हातातनं टेप घेतला आणि खालच्या कोपऱ्यापासून वरच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरला. चोवीस. "हे असं मोजतात, अक्का. तिरकं."

"म्हणजे उरेब?" मी म्हटलं. आमच्यात कापड तिरकं धरून कापतात त्याला उरेब म्हणतात. गळ्याच्या पट्ट्या तशा कापतात. पण उरेब कापतात, मोजत नाहीत. "सोलापुरात कुणी चादर तिरकी मोजून विकली तर गिऱ्हाईक त्याच चादरीत गुंडाळून मारतील त्याला."

मालक हसायला लागला. मी दुकानातले सगळे मॉनिटर आडवे मोजले. सगळेच मेले कमी भरले, तेव्हा पटलं. शेवटी सत्तावीस इंची घेतला. पन्हा साडेतेवीस. भावजयीपेक्षा बरोबर दहा इंच जास्त. रिक्षात तो खोका मांडीवर घेऊन बसले तेव्हा इतकं बरं वाटत होतं की विचारू नका.

आईला आठ दिवसांसाठी आणली. भावजयीनं पिशवी भरून दिली आणि म्हणाली, "वन्सं, आईंना लहानच..." मी म्हटलं, "माझी आई आहे ती. मला कळतंय." पिशवीत तिनं काय काय घातलं ते मी बघितलंही नाही.

माझ्या घरी टेबलाच्या उजव्या हाताला मशीन आहे, म्हणून मी आईच्या डावीकडं स्टूल घेतलं. खेळ लावला. खालचा शेवटचा चौकोन दाबला, पूर्ण स्क्रीन. बघता बघता सगळी भिंत हिरवी झाल्यागत वाटलं. मेंढरं मांजराएवढी. "बघ!" मी म्हटलं. "आता कसं वाटतंय?"

आईनं माऊस धरला. कुत्रं हलवायला लागली. दोन मेंढरं आत घातली, आणि तोवर डावीकडनं चार पळाली. मग सहा. तिला पत्ताच नाही. खेळ संपला. परत लावला, परत तेच. मी शेजारी बसून सांगतेय, "अगं, ते बघ की, ते!" आणि ती मान वळवून वळवून शोधतेय. शेवटी तिनं माऊस ठेवला. "डोकं धरलंय माजं. बंद कर."

दुसऱ्या दिवशी तिनं टेबलाकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "मला घरी सोड."

घरी! मग हे काय होतं? मी कप आपटला. "हितं काय कमी पडलं तुला? तिच्या कोपऱ्यातल्या चिंधीपेक्षा मोठं आणून ठेवलं, आणि तुला तीच पायजे. मी डावीकडं बसून घसा फोडते, तू माझ्याकडं बघत सुद्धा न्हाईस. तिच्याकडं मात्र टक लावून बसतीस. माझं काय चुकलं ते तरी सांग की!"

मी रडले, हे कबूल करते. पन्नाशीला आलेली बाई, आणि आईसमोर नाक ओढत बसले. आईनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्ये ल्हान करून दी. दावते तुला."

मी लहान केलं. त्या एवढ्या मोठ्या पडद्याच्या मधोमध पोस्टकार्ड उभं राहिलं आणि भोवती सगळं पांढरं. फार वाईट दिसत होतं ते. आईनं खुर्ची सरकवली, मान तिरकी केली आणि हुर्र केलं. पाच मिनिटांत सगळं खांड वाघरात. एकही मेंढरू सुटलं नाही.

"आता?" ती म्हणाली.

मला कळलं नाही. मग कळायला लागलं. मी तिच्या त्या तिरक्या मानेकडं बघितलं. ती उरेब बघत होती. गळ्यातला टेप काढला आणि त्याचं पिवळं टोक पडद्याच्या डाव्या कडेला धरलं. "आई, समोरच बघ. हे दिसलं की सांग." टोक हळूहळू मधे आणत गेले. पाच इंच झाले. सात, आठ. आई समोर बघत होती, गप्प. मला वाटलं माझी चेष्टा करतेय. दहा इंच आत आल्यावर म्हणाली, "आता." मग उजवीकडनं आणलं. तिकडं सहा इंच आत. मी मधलं अंतर मोजलं. दोनदा मोजलं. साडेतेवीस इंचाच्या पन्ह्यात माझ्या आईला सात-साडेसात इंच दिसत होतं.

"झालं माप?" आई म्हणाली. "काचबिंदू हाय. डावा गेल्यातच जमा. उजव्याचं कडंकडंचं गेलंय. आठ म्हैनं झालं. थेंब चालू हायती."

"कुणी नेलं दवाखान्यात?"

"सुनेनं."

पिशवी उघडली. कपड्यांच्या मधे बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेली ती बारकी बाटली होती. बर्फाचं कधीच पाणी झालं होतं. तीन दिवस आई माझ्या नकळत थेंब घालत होती, आणि बाटली थंड ठेवायची हे तिला मला सांगता येत नव्हतं म्हणून तशीच ठेवत होती.

मी आईचा हात धरला आणि तशीच दोन गल्ल्या ओलांडून भावाच्या घरी. काळजात काय होतं म्हणाल तर दुःख होतंच, पण खोटं कशाला बोलू, दुःखाच्या आधी जळफळाट होता. आईचा डोळा गेला, आणि ते माझ्या आधी भावजयीला कळलं. आईच्या आंधळेपणात सुद्धा ती पुढं आणि मी मागं.

"आठ महिने!" दारातच मी सुरू झाले. "माझ्या आईचा डोळा जात होता आणि तू मला सरबत पाजत होतीस! तू कोण गं ठरवणारी, मला सांगायचं का नाही ते?"

या वेळी ती 'बरोबर आहे' म्हणाली नाही. तिचे डोळे भरले. "आईंनी शपथ घातली होती, वन्सं. मी तीनदा म्हटलं त्यांना. आणि बाटली पिशवीत घातली ती तुम्हाला सापडावी म्हणूनच."

"तिला बोलू नगंस," आई म्हणाली. ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली होती. "म्याच सांगितलं, थोरलीला कळू देऊ नगं. तुला सांगितलं असतं तर तू टेप घिऊन बसली असतीस. सुनेकडं असताना किती गेला, तुज्याकडं असते तर किती ऱ्हायला असता. हिला बोल लावला असतास. डोळा माजा गेला असता आन् भांडान तुमचं लागलं असतं. खरं का खोटं?"

दुकानातल्या सगळ्या मॉनिटरना लावलेला तो टेप माझ्या गळ्यातच होता. खरं होतं.

भावजयीनं चहा टाकला. काहीतरी करायचं म्हणून तिनं लॅपटॉप उघडला, ती साइट लावली, खालचा पहिला चौकोन दाबला. लहान. आईनं माऊस धरला. भावजय उजवीकडच्या आपल्या खुर्चीवरनं उठली आणि मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही इथं बसा. इथनं तुम्ही दिसाल त्यांना."

मी पाऊल उचललं. एवढ्या महिन्यांत मला दुसरं काय हवं होतं?

"नगं," आई म्हणाली. "तिला डावीकडंच बसू दी."

उचललेलं पाऊल मी तसंच खाली ठेवलं. "आई, तितनं मी दिसत न्हाय तुला."

"म्हून तर." तिनं मान वळवली नाही, समोरच बघत होती. "ज्या अंगाचं दिसत न्हाय, त्या अंगाला भरवशाचं मानूस लागतं. ल्हानपणी तुला झाडीच्या अंगाला का लावत हुते? धाकला माज्यापाशी चालायचा, कारण त्येला लांडगा दिसला असता तर त्यो रडत बसला असता. तू वरडायचीस."

मी दिवाणावर बसले, डावीकडं, नेहमीच्या जागी. आई माझ्याकडं बघत नव्हती. आता बघणारही नव्हती, डॉक्टरांनी गेलेलं परत येत नाही असं सांगितलंय. भावजय चहाचे कप घेऊन आली आणि उजवीकडं बसली, आणि मला परत एक बारीकशी कळ आली, तीच जुनी. कुत्रं पळायला लागलं. वरच्या डाव्या कोपऱ्यातनं एक मेंढरू निसटलं.

"आई, माझ्या अंगाला एक सुटलं."

"कुटं?"

"वर, कोपऱ्यात."

तिनं न बघता कुत्रं तिकडं सोडलं.